बेलापूरच्या अंगणात क्युफियाची बॉर्डर: वर्षभराच्या कामाच्या नोंदी

१४ ऑक्टोबर

जागा नवी मुंबईतलं सीबीडी बेलापूर, आर्टिस्ट व्हिलेज. घर पारसिक डोंगराच्या पायथ्याशी, पुढे छोटं अंगण. कंपाउंडच्या भिंतीला लागून १८ फूट लांब आणि अडीच फूट रुंद पट्टा वर्षानुवर्षं रिकामा पडलाय. सकाळी नवापासून दुपारी दोन-अडीचपर्यंत थेट ऊन. तिथे गुडघ्याखाली राहणारी, भर उन्हाळ्यात फुललेली जांभळी बॉर्डर हवी आहे.

मूळ इच्छा हेदरची, म्हणजे थंड प्रदेशातल्या जांभळ्या फुलांच्या झुडपाची. भाची एडिंबरोला शिकते. तिथल्या पेंटलंड टेकड्या ऑगस्टमध्ये हेदरने जांभळ्या होतात, त्याचे फोटो तिने पाठवले आणि ते डोक्यातून जाईनात. पण खरं हेदर, म्हणजे कॅलुना, इथे जगवण्याच्या फंदात कोणी पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला कडक हिवाळा लागतो, निकस आणि आम्लधर्मी माती लागते, आणि त्याची अतिशय बारीक मुळं मातीतल्या एका खास बुरशीच्या जोडीने अन्न घेतात. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीसुद्धा अंगाला घामाच्या धारा असतात. शिवाय परदेशातून बी किंवा रोप आणायचं तर २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र हवं. कुणाच्या तरी बॅगेतून गुपचूप बी मागवणं मला पटत नाही. परक्या मातीबरोबर काय येईल याचा नेम नसतो.

म्हणून क्युफिया, तसंच जांभळ्या फुलांचं बुटकं झुडूप. नर्सरीवाले याला मेक्सिकन हेदर किंवा फॉल्स हेदरही म्हणतात. मूळ मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरासचं. दिसतं हेदरच्या वळणाचं, पण नातं त्याच्याशी नाही. हे कूळ मेंदीचं, डाळिंबाचं आणि आपलं राज्यफूल असलेल्या तामणीचं. ही सगळी मंडळी ऊन सोसणारी, त्यामुळे उन्हाळ्याची मला फारशी काळजी नाही. काळजी पावसाळ्याची आहे. आजूबाजूला ज्यांनी क्युफिया लावला, त्यांची झाडं मेपर्यंत छान होती आणि गणपतीपर्यंत गेली. ती का जातात हे शोधायचं आणि ती टिकवायची, एवढ्यासाठी या नोंदी ठेवतेय.

२१ ऑक्टोबर

खणायला घेतलं. माळीकाकांची पहार चार इंचांवरच खणकन वाजली. वरच्या मातीखाली कधीतरी झालेल्या घरदुरुस्तीचं डेब्रिज: प्लास्टरची ढेकळं, टाइल्सचे तुकडे, घट्ट झालेलं अर्धं सिमेंटचं पोतं. त्याखाली ठोकून बसवलेला मुरूम.

निचरा बघायला एक फूट खोल खड्डा केला, पाण्याने काठोकाठ भरला, पाणी पूर्ण जिरू दिलं आणि पुन्हा भरला. पहिल्यांदा कोरडी माती पाणी ओढून घेते, त्यामुळे खरं काय ते दुसऱ्या भरण्यात कळतं. रात्री झोपायला जाताना खड्ड्यात अजून अर्धं पाणी होतं. नवीन काम करणाऱ्यांना कळकळीने सांगते, झाडं आणण्याआधी हा खड्डा कराच. पैसा लागत नाही, आणि नर्सरीत कोणी विचारणार नाही अशा प्रश्नाचं उत्तर मिळतं.

डेब्रिज गोण्यांत भरून टेम्पोने पाठवलं. ७०० रुपये.

२८ ऑक्टोबर

मुरूम फोडून खाली जायचं की वर यायचं, यावर माळीकाकांशी चर्चा. ते म्हणाले, "ताई, दोन फूट खणून काढू, चांगली माती भरू." मला ते पटलं नाही. घट्ट मुरुमात खड्डा करून भुसभुशीत माती भरली की पावसाळ्यात त्याची टाकी होते. सगळ्या अंगणातलं पाणी तिथे उतरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. वर यायचं ठरलं, म्हणजे जमिनीवर उंच वाफा. मुरुमाचा वरचा थर फक्त पहारीने सैल केला आणि गेटकडे किंचित उतार दिला.

२ नोव्हेंबर

कडेला जांभ्याचे चिरे लावले, बाजूवर उभे करून. तसे बसवले की एकाच थरात नऊ इंच उंची मिळते. सांधे सिमेंटने भरले नाहीत, मुद्दाम. पाणी सांध्यांतून झिरपून जायला हवं, आणि सिमेंटचा चुना मला वाफ्याजवळही नको आहे. चिरे २०, टेम्पो आणि हमालीसकट १,६०० रुपये.

मातीचं मिश्रण असं: लाल माती २० गोण्या (१,८०० रुपये), चांगलं कुजलेलं शेणखत ८ गोण्या (९६० रुपये), विटांचे तुकडे ६ गोण्या, कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, पाच किलोची एक वीट (२०० रुपये), निंबोळी पेंड २ किलो (१०० रुपये). विटांचे तुकडे जवळच्या एका बांधकामावरून फुकट मिळाले, पण निवडून घ्यावे लागले. ज्या तुकड्याला सिमेंट चिकटलंय तो बाजूला. उरलेले हातोडीने सुपारीएवढे फोडून धुऊन घेतले. हे किचकट काम आहे, वेळ खातं, पण टाळू नका. नुसती लाल माती पहिल्या दोन पावसांत चेपून घट्ट होते. तिच्यात फटी राखून ठेवतात ते हेच तुकडे.

शेणखत यापेक्षा जास्त घालायचा मोह आवरावा. क्युफियाला भरपूर खत दिलं की पाला माजतो आणि फुलं कमी होतात.

माळीकाकांची आतापर्यंतची मजुरी १,६०० रुपये.

९ नोव्हेंबर

घोडबंदर रोडवरच्या नर्सरीतून ४० रोपं, २५ रुपये पिशवी, एकूण १,०००. जांभळीच घेतली, पांढरी आणि गुलाबीही मिळतात. निवडताना फुलांकडे पाहिलं नाही. बुंध्यापासून फांद्या फुटलेल्या आहेत का आणि पिशवीच्या भोकांतून मुळांचा झुपका बाहेर आलाय का, एवढंच पाहिलं. उंच, देखणी, वरती फुलांनी लगडलेली पण खाली उघडी असलेली रोपं ठेवून दिली.

पिशवी कापल्यावर मुख्य अडचण हातात आली. यातला बराचसा माल आंध्रातल्या कडियमहून येतो. प्रवासात रोप हलू नये म्हणून मुळांभोवती चिकणमातीचा गट्टा असतो, नखाने ओरखडला तरी निघत नाही असा. आपण भोवती कितीही मोकळी माती घातली तरी मुळं त्या गट्ट्यातच राहतात. उन्हाळ्यात तो बाहेरून ओला आणि आत कोरडा असतो. पावसाळ्यात एकदा आतपर्यंत भिजला की आठवडाभर वाळत नाही.

म्हणून एक प्रयोग करतेय. एकाआड एक रोपाचा गट्टा बादलीत भिजवून, बोटांनी सोडवून, मुळं पूर्ण धुतली. मधल्या रोपांचा गट्टा फक्त बाहेरून सैल केला, सगळे करतात तसा. धुतलेल्या रोपांशेजारी आइस्क्रीमची काडी खोचली. मुळं धुतल्यावर रोपाचा वरचा तिसरा हिस्सा छाटला, कारण तुटलेल्या मुळांना तेवढा पाला पोसवत नाही.

दोन ओळी, फूट-फूट अंतर, एकमेकांच्या मधल्या जागेत. वाफ्यात ३६ बसली. उरलेली चार कुंड्यांत, राखीव.

२४ नोव्हेंबर

काडीवाली रोपं रुसली आहेत, पानं मलूल. दुपारी वरून जुनी ओढणी बांधून सावली केली. बिनकाडीची टवटवीत आणि फुललेलीही. माळीकाकांना वाटतंय की धुतलेली जातील.

१५ डिसेंबर

सगळी सावरली. काडी बघितल्याशिवाय फरक ओळखू येत नाही.

१० जानेवारी

भिंतीकडच्या ओळीतली नवी पानं पिवळी पडताहेत. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, आणि तेही फक्त शेंड्याकडे. जुनी पानं खाली हिरवीगार. ही लोहाची कमतरता. पण पुढच्या ओळीला तीच माती आणि तेच पाणी असून काही नाही, म्हणजे कारण भिंतीत असणार. भिंतीला दिवाळीआधी चुना मारलाय. पाइपने पाणी घालताना फवारा भिंतीवर उडतो आणि चुन्याचे पांढरे खवले ओघळून मागच्या ओळीच्या बुंध्याशी साचतात. तिथली चिमूटभर माती वाटीत घेऊन व्हिनेगर टाकलं तर फसफसून बुडबुडे आले. पुढच्या ओळीच्या मातीला काहीच झालं नाही. मातीत चुना असला की लोह असूनही झाडाला घेता येत नाही.

उपाय: भिंतीलगतची वरची दोन इंच माती खरवडून फेकली आणि नवी घातली. वाफा आणि भिंत यांच्यात चार बोटं मोकळी जागा ठेवून तिथे विटांचे तुकडे भरले. पाइप बंद, आता झारीने बुंध्याशी पाणी. तात्पुरता आधार म्हणून हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) दोन ग्रॅम आणि लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) एक ग्रॅम, लिटरभर पाण्यात, संध्याकाळी पानांवर. पंधरा दिवसांनी पुन्हा. लिंबूसत्व घालाच, नाहीतर हिराकस पाण्यात टिकत नाही आणि पाणी तांबूस होतं. फवारताना खालच्या लाद्यांवर गोणपाट टाका. आमच्या कोट्याच्या लादीवर पडलेले गंजाचे ठिपके अजून गेलेले नाहीत.

८ फेब्रुवारी

नवी पालवी हिरवी. पिवळी पानं तशीच आहेत, ती सुधारत नाहीत, गळून जातील.

शेंडे खुडले. दर शेंड्याची दोन-तीन पेरं. खरं हेदर छाटताना हिरव्या पाल्याच्या खाली, जुन्या लाकडात कात्री गेली की तिथून पुन्हा फूट येत नाही. क्युफिया त्या बाबतीत उदार आहे, जुन्या फांदीलाही डोळे फुटतात. तरी एका वेळी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापलं नाही.

३ एप्रिल

कोपऱ्यातल्या चार-पाच झाडांचा पाला धुरकट दिसतोय. पान उलटून उन्हात धरलं तर मागे बारीक जाळी आणि हलणारे ठिपके. लाल कोळी, पानांतला रस शोषणारी बारीक कीड. तो कोपरा भिंतीच्या आडोशाला, वारा नाही, आणि दुपारी भिंत तापते. सलग तीन सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारला, मग संध्याकाळी कडुलिंबाचं तेल पाच मिलि आणि थोडा साबण लिटरभर पाण्यात. दुपारच्या उन्हात तेल मारलं तर पानं करपतात. एवढ्याने आवरलं. रासायनिक औषध मारायचं नव्हतंच, कारण फुलांवर दिवसभर फुलोरी माश्या, म्हणजे छोट्या मधमाश्या, असतात.

२० एप्रिल

पाणी रोज सकाळी, बुंध्याशी. वाळलेल्या पानांचं आच्छादन दोन इंच. एसीचं पाणी बादलीत धरतेय आणि ते मागच्या ओळीला घालतेय. समुद्राकाठच्या दमट हवेत एका एसीतून दिवसाला काही लिटर सहज निघतं, आणि त्यात क्षार जवळपास नसतात. चुन्याने त्रासलेल्या ओळीला याहून चांगलं पाणी मिळणार नाही.

१२ मे

आज बॉर्डर पूर्ण भरली. मधली माती कुठेही दिसत नाही. सकाळी सातला जवळ बसून बघितलं. फूल करंगळीच्या नखापेक्षा लहान, सहा पाकळ्यांचं, खाली हिरवट नळी. पाकळ्या चुरगळलेल्या जॉर्जेटसारख्या. तामणीच्या पाकळीची चुणीदार घडण हीच, फक्त इथे ती बघायला भिंग लागावं इतकी छोटी. फुलं फांदीच्या टोकाला झुपक्याने येत नाहीत, पानाच्या बेचक्यातून एकेक निघतात. त्यामुळे फांदी खालपासून वरपर्यंत जांभळी दिसते आणि लांबून पाहिलं की हेदरचा भास होतो. वाळलेली फुलं खुडावी लागत नाहीत, आपोआप गळतात.

शेजारच्या वहिनींनी विचारलं, "हे उन्हात असं कसं राहिलं हो?" त्यांना सांगितलं, खरी परीक्षा पुढे आहे.

३० मे

पावसाळ्याची तयारी. ही नोंद करून बघणाऱ्यांनी नीट वाचावी.

आच्छादन सगळं काढलं. उन्हाळ्यात ते ओल धरतं म्हणून हवं, पावसाळ्यात त्याच कारणासाठी नको. खालच्या, जमिनीला टेकणाऱ्या फांद्या बुंध्यापर्यंत कापल्या, चार बोटं उघडी राहतील अशा. मधल्या दाट फांद्या विरळ केल्या. चिऱ्यांच्या सांध्यांत बसलेली माती सळईने टोकरून काढली. खत बंद.

२ जुलै

पाऊस सुरू होऊन बरेच दिवस झाले, आणि आज माळीकाकांनी हाक मारली. "ताई, उजवीकडची माना टाकताहेत. पाणी कमी पडलं की काय?" दोन दिवस उघडीप होती, त्यामुळे त्यांना तसं वाटणं साहजिक. पण माती दाबली तर बोटाभोवती पाणी आलं. ओल्या मातीत मान टाकलेलं झाड तहानलेलं नसतं. त्याची मुळं गेलेली असतात. अशा वेळी पाणी घालणं म्हणजे त्याला संपवणं.

एक झाड उपटलं. आंबूस वास. मुळं तपकिरी, चिमटीत धरून ओढली की बाहेरची साल सुटून येते आणि आत दोऱ्यासारखी शीर उरते. सहा झाडं अशी, आणि सहाही पत्र्याच्या उताराखाली सलग. छपराच्या पागोळ्या नेमक्या तिथे पडतात. आठ महिने कोरडं गेल्यामुळे ही जागा लक्षातच येत नाही. पागोळीच्या धारेने मातीत बोटभर चर पडलाय, बारीक माती वाहून गेलीय आणि विटांचे तुकडे वर उघडे पडलेत. एकट्या पावसाचं पाणी वाफ्याने निभावलं असतं. अख्ख्या छपराचं पाणी कुठलाच वाफा निभावणार नाही.

६ जुलै

पत्र्याला पीव्हीसीची पन्हळ बसवून घेतली, पाणी पाइपने थेट गटाराच्या चेंबरकडे. १,९०० रुपये. गेलेली सहा झाडं मातीसकट काढली. ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नये, कूज तिच्याबरोबर जाते. रिकामी जागा पाऊस संपेपर्यंत तशीच.

१४ जुलै

छाटकलमं करायला हे दिवस उत्तम, हवेतली दमट ओल आपलं काम करते. निरोगी झाडांच्या फुलं नसलेल्या, ना कोवळ्या ना जून, बोटभर काड्या. खालची अर्धी पानं काढली, कोकोपीट आणि जाड रेती निम्मी-निम्मी, ट्रेला भरपूर भोकं, व्हरांड्यात पाऊस न लागणाऱ्या उजेडात. मुळं लवकर फुटावीत म्हणून लावतात ती हार्मोन पावडर लावली नाही. क्युफियाला गरज पडत नाही.

४ ऑगस्ट

हलकेच ओढलं तर काड्या मातीला धरून आहेत. बहुतेक सगळ्यांना मुळं. पुढच्या रोपांचे पैसे वाचले. ही रोपं आपल्याच मातीत वाढलेली, चिकणमातीचा गट्टा नाही, हा त्याहून मोठा फायदा.

२८ ऑगस्ट

पागोळीची जागा सोडून वाफ्यात आणखी पाच झाडं गेली. पाचांतली चार बिनकाडीची, म्हणजे गट्टा तसाच ठेवलेली. उपटून पाहिलं तर गट्टा साच्यातून काढल्यासारखा अखंड, भोवतीची माती भुसभुशीत आणि मूळ एकही बाहेर गेलेलं नाही. काडीवाल्यांपैकी एक गेलं. नोव्हेंबरात रुसलेलीच आता जास्त टिकली आहेत. माळीकाकांनी स्वतःहून सांगितलं की पुढच्या वेळी सगळी धुऊन लावू.

फुलं आहेत, पण तुरळक. ऊन नाही तर फूल नाही.

२२ सप्टेंबर

उघडीप मिळाली. सगळ्या झाडांची वरून चौथा हिस्सा छाटणी. प्रत्येकाला दोन मुठी शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. माती वरवर कुदळून सैल केली. आठवड्यात बुंध्याशी फुटवे.

१२ ऑक्टोबर

अकरा रिकाम्या जागा भरल्या. व्हरांड्यातली सात कलमं आणि राखीव कुंड्यांतली चार झाडं, तीही गट्टा धुऊन. पैसे शून्य.

एक गोष्ट लक्ष ठेवण्यासारखी. लाद्यांच्या फटींत आणि गटाराच्या कडेला क्युफियाची बारीक रोपं उगवली आहेत. बी आपसूक पडतं आणि पावसाच्या पाण्याबरोबर जातं. हवाई बेटांवर आणि ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये हे झाड बागेतून निसटून रानात माजलेलं आहे. आमच्या मागे तर पारसिक डोंगरच आहे. त्यामुळे अशी रोपं दिसली की उपटायची आणि छाटलेला पाला डोंगराच्या बाजूला टाकायचा नाही, तो घरच्या कंपोस्टमध्ये. माळीकाकांनाही हे बजावून सांगितलंय. डोंगराकडच्या कोपऱ्यात क्युफिया लावायचाच नाही असंही ठरवलं. तिथे धायटी लावणार आहे. ती याच कुळातली, सह्याद्रीची स्वतःची, हिवाळा संपता संपता लालभडक फुलते आणि डोंगरावर गेली तरी घरीच गेली.

वर्षाचा खर्च: डेब्रिज ७००, चिरे १,६००, माती, खत, कोकोपीट आणि पेंड ३,०६०, मजुरी १,६००, रोपं १,०००, हिराकस, लिंबूसत्व आणि कडुलिंबाचं तेल ३१०, पन्हळ १,९००. एकूण १०,१७० रुपये. जागा आधीपासून मोकळी आणि निचऱ्याची असेल तर चिरे आणि माती यांतले निम्मे पैसे वाचतील. पन्हळीचे मात्र वाचवू नका, आणि ती झाडं लावायच्या आधी बसवा.

वहिनींना सहा कलमं दिली आहेत. उद्या सकाळी त्यांच्या अंगणात एक फुटाचा खड्डा करून पाणी भरायचंय.